"मुद्दाम कुठे केलं?"

सॉफ्टबॉलचा सामना. शॉर्टस्टॉप सरपटत येणारा चेंडू उचलायला वाकलेली. दुसऱ्या बेसवरून सुटलेली रनर तिच्यावर आदळते, अंपायर रनरला बाद देतो आणि प्रेक्षकांतून हमखास आवाज येतो, "अहो, तिनं मुद्दाम कुठे केलं?"

हे ऐकून ऐकून कान किटले. टोलवलेला चेंडू अडवायला जाणाऱ्या फिल्डरला वाट द्यायची जबाबदारी रनरचीच. हेतू कोणी विचारतच नाही. यूएसए सॉफ्टबॉल असो, अमेरिकी शाळांची एनएफएचएस असो की कॉलेजांची एनसीएए, इथे नियमांची सगळी पुस्तकं एकाच सुरात बोलतात. धावायची रेघ रनरच्या मालकीची नसते.

आपल्याकडे हा गैरसमज क्रिकेटमधून आला असावा. तिथे क्षेत्ररक्षणात अडथळा आणल्याबद्दल बाद द्यायचं तर ३७व्या नियमानुसार कृती जाणूनबुजून केलेली लागते. २००६मध्ये पेशावरला रैनाचा थ्रो बॅटनं अडवून इंझमाम असाच बाद झाला. त्यात मराठीत सगळाच 'अडथळा'. सॉफ्टबॉलमध्ये बॅटिंग संघानं आणला तर तो इंटरफिअरन्स, फिल्डिंग संघानं आणला तर ऑब्स्ट्रक्शन. क्रिकेटनं मात्र ऑब्स्ट्रक्शन फलंदाजाच्या माथी मारलंय. घोळ होणारच!

हेतूचा प्रश्न उरतो तो मुख्यतः फेकलेल्या चेंडूपुरता. व्यावसायिक बेसबॉलमध्ये रनरनं थ्रो मुद्दाम अडवलेला असावा लागतो. यूएसए सॉफ्टबॉलनं 'जाणूनबुजून' हा शब्दच काढून टाकला. रनरनं अडथळ्याची कृती केली का, एवढंच अंपायर पाहतो. नाकासमोर धावताना पाठीत थ्रो बसला तर ती बाद नाही. थ्रोच्या वाटेत हात उंचावला, तर "सहज वर गेला" चालणार नाही.

धक्का लागायलाच हवा? नाही, ओरडून फिल्डरला गोंधळवलं तरी पुरतं. स्लाइड सक्तीची? तीही नाही. एका चुकीला एकच बाद? रनरमुळे सोपा झेल हुकला, तर यूएसए सॉफ्टबॉल आणि एनएफएचएस दोन्हींत बॅटरही बाद.

आणि चेंडू हातात घेऊन टॅग करायला उभ्या असलेल्या कॅचरला रनर उभ्यानंच धडकली तर? यूएसए सॉफ्टबॉलमध्ये बाद. हकालपट्टी फक्त उघड दांडगाई असेल तरच. शाळांच्या पुस्तकात धडक आकसानं दिलेली ठरली, की बाद आणि हकालपट्टी दोन्ही. मग शिक्षेबाबत अंपायरच्या हातात काही उरत नाही. तेव्हा अंपायरवर ओरडण्याआधी सामना कोणाच्या पुस्तकानं चाललाय, तेवढं विचारून घ्या.