बर्फातल्या पाण्याचा हिशेब

जुलै 2012. अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले सोन न्गिएम ग्रीनलँडची ताजी उपग्रह-माहिती चाळत होते. 12 जुलैच्या नकाशात जवळजवळ सगळं बेट ओलं दिसत होतं. त्यांना पहिली शंका आली ती आकड्यांचीच. ही माहिती होती इस्रोच्या ओशनसॅट-2 वरच्या स्कॅटरोमीटरची. हे उपकरण मुळात समुद्रावरचे वारे मोजण्यासाठी केलेलं. मग इतर उपग्रह तपासले गेले आणि त्यांचीही साक्ष तीच निघाली. 8 जुलैला हिमस्तराच्या सुमारे 40 टक्के पृष्ठभागावर ओल होती, चार दिवसांत ती 97 टक्क्यांवर गेली. 3,200 मीटर उंचीवरच्या समिट केंद्रावरही बर्फ पाझरलं. बर्फाच्या गाभ्यांतल्या नोंदींप्रमाणे तिथे असं याआधी 1889 मध्ये झालं होतं.

वाऱ्याच्या उपकरणाला ओल कळते, याचं कारण पाण्याच्या स्वभावात आहे. कोरड्या हिमात मायक्रोवेव्ह लहरी खोलवर शिरतात आणि कणाकणांवर आपटून विखुरतात. पाण्याचा थोडासा अंश मिसळला की त्या वाटेतच शोषल्या जातात. त्यामुळे रडारला परत येणारा प्रतिध्वनी एकदम पडतो. नुसतं ऐकणाऱ्या रेडिओमीटरला उलटं दिसतं: बर्फातून येणारं उत्सर्जन अचानक वाढतं. शिवाय या लहरींना ढगांची फारशी अडचण नाही आणि ध्रुवीय रात्रीचीही नाही.

बर्फावरच्या ओलीच्या अशा नोंदीची सलग सुरुवात ऑक्टोबर 1978 मध्ये सोडलेल्या निम्बस-7 पासून धरतात. त्यावरचा रेडिओमीटर दिवसाआड चालायचा; रोजची माहिती 1987 पासून अमेरिकी लष्कराच्या हवामान-उपग्रहांनी दिली. नव्वदच्या दशकात टॉम मोट, वालीद अब्दलाती, कोनराड स्टेफन यांनी या आकड्यांतून ‘आज कुठे वितळलं’ हे ठरवण्याच्या रीती बसवल्या. स्टेफन यांनी 1990 मध्ये पश्चिम ग्रीनलँडच्या बर्फावर स्विस कॅम्प उभारला होता, त्यामुळे आकाशातला आकडा जमिनीशी ताडून पाहता येत होता. 1991 मध्ये पिनातुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात ग्रीनलँडवरचं वितळणं ठळकपणे घटलं. तेही या नोंदीत उमटलं आहे.

पण एवढी वर्षं आपण मोजत होतो ते काय? माझ्या मते या कथेतली खरी उणीव इथे आहे. या रेडिओमीटरांच्या 19 किंवा 37 गिगाहर्ट्झच्या लहरींना ओल्या हिमाचा वरचा पातळ थरच दिसतो. किंचित ओल असो की चिखलासारखा लगदा, उत्तर एकच: ओलं. ‘97 टक्के’ हा क्षेत्रफळाचा आकडा होता. त्यातलं किती पाणी समुद्राला मिळालं, याबद्दल तो काहीच सांगत नव्हता. (त्याच जुलैत पश्चिम ग्रीनलँडमधल्या कांगर्लुसुआकच्या पुलाचा भाग पुरात वाहून गेला, म्हणजे बरंचसं पाणी निघून जातच होतं. ते नदीवर मोजता आलं.)

उंचावरचं पाणी मात्र सहसा नदीपर्यंत पोचत नाही. पहिल्या वळवाचं पाणी तापलेल्या जमिनीत जिरावं तसं ते भुसभुशीत हिमात मुरतं आणि पुन्हा गोठतं. कधी गोठतही नाही. 2011 च्या वसंतात आग्नेय ग्रीनलँडमध्ये गाभा काढताना खालून चक्क पाणी आलं. हिवाळा नुकताच सरत होता, तरी हिमाखाली वर्षभर न गोठणारा साठा होता. पृष्ठभाग कोरडा म्हणजे सगळं कोरडं, हा हिशेब तिथे कोलमडला. अंटार्क्टिकात पाण्याचा दुसरा अवतार आधीच दिसला होता. 2002 मध्ये लार्सन-बी हिमफळीवर वितळपाण्याची तळी साचली, ते पाणी भेगांत उतरलं आणि 3,250 चौरस किलोमीटरची फळी काही आठवड्यांत फुटली.

‘किती’ या प्रश्नाला हात घातला तो लांब लहरींनी. युरोपचा स्मॉस (2009) आणि नासाचा स्मॅप (2015) हे दोन्ही उपग्रह एल-बँडचे, म्हणजे 21 सेंटिमीटर लांबीच्या लहरी टिपणारे. मातीतला ओलावा मोजणं हे त्यांचं एक मुख्य काम. एवढ्या लांब लहरींना खोलवरची ओलही कळते, त्यामुळे पाण्याचं प्रमाण मिलिमीटरमध्ये काढता येतं. स्विस कॅम्पवरच रेडिओमीटर ठेवून या लहरींची पारख झाली. ऑगस्ट 2020 मध्ये त्याच छावणीजवळ बर्फाच्या भेगेत पडून स्टेफन गेले.

या पद्धतीची मर्यादाही मोठी आहे. एकेक ठिपका 40 किलोमीटरच्या आसपास. त्यात दरी, तळं, कडा सगळं एकत्र मिसळतं. आणि दोन्ही उपग्रह आता म्हातारे. तीन वर्षांसाठी आखलेल्या स्मॅपला दहा वर्षं उलटून गेली आहेत. युरोपच्या नियोजित सिमर उपग्रहावर लांब आणि आखूड दोन्ही लहरींचे रेडिओमीटर एकत्र असणार आहेत. स्मॉस आणि स्मॅप मिटण्याआधी तो कक्षेत पोचला नाही, तर ‘कुठे’ची 1978 पासूनची नोंद चालू राहील, ‘किती’ची मात्र तुटेल.