गुन्ह्याआधीचा गुन्हेगार : 'फकिरा' कसा वाचावा

(फलटण येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, मागच्या वेळी आपण हार्पर ली यांची 'टु किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी पाहिली. अमेरिकेच्या दक्षिणेतलं अलाबामा राज्य, १९३० च्या दशकातलं एक लहानसं गाव. टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावर एका गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आळ येतो. ॲटिकस फिंच हा गोरा वकील त्याची बाजू मांडतो, पुरावा टॉमच्या बाजूचा असतो, तरी गोरी ज्युरी त्याला दोषी ठरवते. चर्चेत आपल्यापैकी एकाने विचारलं होतं, "हे सगळं तिकडचं झालं. आपल्याकडे असं पुस्तक आहे का?"

आहे. आणि ते लांबचंही नाही. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' १९५९ साली आली, ली यांची कादंबरी १९६० साली. 'फकिरा'ला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला १९६१ मध्ये, आणि ली यांना पुलित्झर मिळालं तेही १९६१ मध्येच. अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावचा. आज ते सांगलीच्या वाळवा तालुक्यात आहे, पण त्या वेळी सातारा जिल्ह्यातच होतं. म्हणजे ही आपल्याच मुलखाची गोष्ट.

'फकिरा' आपण बहुतेक जण शूराची कथा म्हणून वाचतो. घोडा, तलवार, खजिन्याची लूट, इंग्रजांशी झुंज. ते सगळं त्यात आहेच. पण तेवढंच वाचलं तर कादंबरीचं खरं दुखणं हातातून निसटतं. ते दुखणं एका साध्या शब्दात आहे : हजेरी.

हजेरी म्हणजे काय, हे आज शाळेतल्या मुलाला विचारलं तर तो वर्गाबद्दल सांगेल. त्या काळी मांगवाड्यात या शब्दाने पोटात गोळा यायचा. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवातीला तो उत्तरेकडे लागू होता. १९११ च्या कायद्याने सरकारला तो देशात इतरत्रही लावता येऊ लागला. एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर झाली, की त्या जमातीच्या माणसांची नावं दप्तरात चढायची, बोटांचे ठसे घेतले जायचे, ठरल्या वेळी हजर राहावं लागायचं. गैरहजर राहणं हाच गुन्हा. आणि सर्वांत मोठी गोम अशी, की जमात गुन्हेगार ठरवणाऱ्या त्या सरकारी जाहीरनाम्याला कुठल्याही कोर्टात आव्हान देता येत नव्हतं.

आता टॉम रॉबिन्सनकडे परत बघा. त्याच्यावर निदान एक आरोप होता, खटला होता, बाजू मांडणारा वकील होता. न्याय मिळाला नाही, पण न्यायालयाचं दार तरी होतं. हजेरीच्या रांगेतल्या माणसावर आरोपच नाही. त्याने काय केलं, हे कुणी विचारत नाही. तो कुणाच्या पोटी जन्मला, एवढंच पुरतं. आधी गुन्हेगार ठरवायचं, गुन्हा मागाहून शोधायचा. आणि रोज चावडीवर हजर राहायचं असेल, तर परगावी मजुरीला जायचं कसं? कामाला जावं तर कायदा मोडतो, कायदा पाळावा तर चूल विझते.

म्हणून 'फकिरा' वाचताना आपण घटनांचा क्रम नीट धरला पाहिजे. कादंबरी लुटीपासून सुरू होत नाही. ती सुरू होते फकिराच्या बापापासून, रानोजीपासून. गावाला जत्रेचा मान मिळावा म्हणून रानोजी दुसऱ्या गावची जोगणी आणायला जातो आणि त्यात जीव गमावतो. मान मिळतो साऱ्या गावाला, आणि त्याची किंमत भरतो मांगवाडा. पुढे दुष्काळ पडतो, माणसं उपाशी मरू लागतात, तेव्हा फकिरा धान्य लुटतो, ते भुकेल्यांच्या पोटासाठी. ज्या वाड्याने गावाची इभ्रत राखली, तोच वाडा सरकारच्या लेखी चोरांचा. हा उलटा हिशोब अण्णा भाऊ कुठेही भाषण न देता उभा करतात.

दुसरी गोष्ट, कथा कुणाच्या घरातून दिसते? ली यांच्या कादंबरीत ती वकिलाच्या लहान मुलीच्या डोळ्यांनी दिसते. टॉम आपल्याला भेटतो तो मुख्यतः कोर्टात, साक्षीच्या पिंजऱ्यात. त्याच्या घरी आपण फारसे जातच नाही. 'फकिरा'मध्येही भला माणूस आहे. विष्णुपंत कुलकर्णी उपाशी माणसांच्या बाजूने उभा राहतो, आणि अण्णा भाऊ त्याला मनापासून मोठेपणा देतात. पण कादंबरी त्याची होत नाही. ती राधाबाईच्या दारातून, फकिराच्या आईच्या दारातून दिसते. ज्याच्यावर अन्याय झाला, तोच इथे बोलतो. फक्त दीड दिवस शाळेत गेलेल्या लेखकाने हे केलं, आणि पुस्तक बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलं, यामागे हेच कारण असावं असं आम्हाला वाटतं.

शेवटही याच अंगाने वाचावा. फकिरा लढाईत हरत नाही. सरकार त्याच्या माणसांना धरतं, आणि त्यांच्यासाठी तो स्वतःहून हजर होतो. एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्यांना धरणारा कायदा आणि सगळ्यांसाठी एकट्याने पुढे होणारा माणूस, हे दोघे इथे समोरासमोर येतात. साऱ्या आयुष्यात त्याने स्वतःच्या मनाने दिलेली हजेरी ही एवढीच.

देशभरातून हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. पण कागदावरून शिक्का पुसला म्हणून मनातून पुसतोच असं नाही. आपल्याकडे उसाच्या हंगामात माळावर पालं पडतात. त्याच सुमारास गावात चोरी झाली, तर आपली नजर आधी कुठे वळते? 'फकिरा' वाचून झाल्यावर हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा. उत्तर चावडीवर सांगायची गरज नाही.