बँक विचारते, तुमचा कर निवास कोणता?

गेल्या महिन्यात कामठीचे एक बुजुर्ग विणकर गांधीबागेतील आमच्या दुकानी आले. खिशातून बँकेचा कागद काढून म्हणाले, ‘भाईजान, मी कोणत्या मुल्कात राहतो असे बँक विचारते. सारी उम्र कामठीत गेली, आता हे काय नवीन?’ हा नागरिकत्वाचा मामला असावा, अशी त्यांना धास्ती होती. अशी भीती त्यांना एकट्यालाच वाटते असे नाही. जानेवारी २०२० मध्ये तामिळनाडूतील कायलपट्टिणम येथे एका बँकेच्या जाहिरातीत ओळखीच्या कागदपत्रांमध्ये लोकसंख्या नोंदवहीचा उल्लेख आला आणि लोकांनी पैसे काढण्यासाठी रांगा लावल्या होत्या.

म्हणून आधीच सांगतो. कर निवास आणि नागरिकत्व या दोन अलग गोष्टी आहेत. आयकराच्या दृष्टीने तुम्ही कोणत्या देशाचे रहिवासी, एवढेच हा फॉर्म विचारतो. उत्तर ‘फक्त भारत’ असेल तर तसे लिहून सही करावी, पॅन द्यावा. या कायद्याखाली तुमची माहिती कोणत्याही परदेशी सरकारकडे जात नाही. जन्माचा देश विचारलेला असतो, त्यानेही घाबरू नये. एखाद्याचा जन्म फाळणीपूर्वी लाहोरचा असला म्हणून तो तेथील करदाता ठरत नाही. अपवाद अमेरिकेचा. तेथे जन्मलेली व्यक्ती बहुधा तेथील नागरिक असते, आणि अमेरिका आपल्या नागरिकांवर ते कोठेही राहिले तरी कर लावते.

ही सारी भानगड सुरूही अमेरिकेतूनच झाली. आपले लोक परदेशी बँकांत पैसा दडवतात म्हणून तिने २०१० मध्ये ‘फॅटका’ कायदा केला. जी परदेशी बँक अमेरिकन खातेदारांची माहिती देणार नाही, तिच्या अमेरिकेतून येणाऱ्या रकमांवर ३० टक्के कपात! भारताने ९ जुलै २०१५ रोजी अमेरिकेशी करार केला. इतर देशांशी माहितीची देवाणघेवाण करण्याच्या करारावर त्याआधी ३ जूनला सही झाली होती. ऑगस्ट २०१५ मध्ये आयकर नियमांत ११४एफ ते ११४एच हे नियम आले, तेव्हापासून बँका, विमा कंपन्या व म्युच्युअल फंड हा फॉर्म मागतात.

खरा प्रश्न आमच्यापैकी त्यांचा आहे, ज्यांची मुले आखाती देशांत आहेत. मोमिनपुऱ्यात असे घर शोधावे लागत नाही. मुलगा रियाधला नोकरीला, त्याचे साधे बचत खाते मात्र नागपुरात तसेच चालू, आणि फॉर्म आला की अब्बाजान ‘भारत’ लिहून देतात. हे चूक आहे. पहिली गोष्ट, सही ज्याच्या खात्याची त्याचीच हवी; संयुक्त खाते असेल तर प्रत्येकाने आपला स्वतंत्र फॉर्म भरावा. दुसरी, ‘सौदीत पगारावर आयकर नाही, मग मी भारताचाच रहिवासी’ हा हिशेब चुकीचा. नोकरीसाठी बाहेर गेलेल्या भारतीय नागरिकासाठी आर्थिक वर्षात १८२ दिवस येथे राहिला की नाही, हे मुख्य माप आहे. ज्याचे भारतातील उत्पन्न १५ लाखांवर आहे त्याला २०२० पासून नियम कडक झाले आहेत, त्याने सीएला विचारल्याशिवाय काही लिहू नये. तिसरी, परदेशी रहिवासी झाल्यावर साधे बचत खाते ठेवता येत नाही. ते एनआरओ करून घ्यावे लागते. तेथून कमावून पाठवलेल्या पैशासाठी एनआरई खाते उघडावे, त्याच्या व्याजावर येथे कर नाही.

फॉर्ममध्ये त्या देशाचा कर क्रमांक मागतात. अमिरातीत पगारदाराला असा क्रमांक मिळत नाही. तेथे खोटा आकडा घालू नये. तो देश क्रमांक देत नाही, असे नमूद करण्याची सोय फॉर्मवर असते. अमिरात व सौदी २०१८ पासून स्वतः माहितीची देवाणघेवाण करतात, तेव्हा दडवून काही साधणार नाही. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने खातेदाराच्या खोट्या माहितीमुळे विवरण चुकल्यास प्रत्येक खात्यामागे ५,००० रुपये दंड ठेवला, आणि बँकेला तो खातेदाराकडून वसूल करण्याची मुभा दिली.

भागीदारी फर्मचा फॉर्म वेगळा असतो. त्यातील ‘ॲक्टिव्ह’ की ‘पॅसिव्ह’ या चौकटीपाशी आमचे व्यापारी अडतात. साड्या, सूत, लुगडी विकून कमाई होत असेल तर फर्म ॲक्टिव्ह. निम्मे किंवा त्याहून अधिक उत्पन्न भाडे-व्याजाचे असेल तर बहुधा पॅसिव्ह, आणि मग ज्यांच्या हाती फर्म आहे त्या भागीदारांचा कर निवासही सांगावा लागतो.

आम्ही स्वतः हा कागद हलक्यात घेतला होता. आमचे एक खाते २०१५ च्या आरंभी उघडलेले. १ जुलै २०१४ ते ३१ ऑगस्ट २०१५ या काळात उघडलेल्या खात्यांचे फॉर्म ३० एप्रिल २०१७ पर्यंत आले नाहीत तर खाती रोखण्याचा आदेश होता. आम्ही फॉर्म शाखेत दिला, पण पोच घेतली नाही. शाखेत तो हरवला. मे महिन्यात, रमजान तोंडावर असताना, खाते बंद! सुरतच्या व्यापाऱ्याला दिलेला चेक परत गेला, ईदचा माल आठ दिवस अडला. नवा फॉर्म दिल्यावर खाते सुरू झाले. कामठीच्या बुजुर्गांचा फॉर्म आम्ही दुकानातच भरून दिला, आणि झेरॉक्सवर बँकेचा शिक्का व तारीख घेण्यासाठी आमचा मुलगा त्यांच्यासोबत पाठवला.