बंदीच्या दिवसांत घरातला दर्या



61 दिवसांची बंदी, होड्या वर ओढलेल्या. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका सभासदाच्या मुलाने खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. पाणी जेटीवरून आणलं, मासे त्याच दिवशी सोडले. तिसऱ्या दिवशी सगळे उलटे! बाप म्हणाला, "जन्म दर्यात गेला आमचा, आणि घरात दोन मासे जगेनात."

कारण साधं आहे. पावसात मांडवी-झुआरीच्या तोंडाशी पाणी गोडं होतं. टाकीला लीटरमागे सुमारे 35 ग्रॅम खारेपणा हवा, तोही टाकीसाठी मिळणाऱ्या खास मिठाचा. जेवणातलं मीठ चालत नाही. दुसरं, माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषच. तो पचवणारे जिवाणू दगडांवर, वाळूत वाढायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर मासा सोडायचा नाही. आणि पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून घटलेली पातळी गोड्या पाण्यानेच भरा. ही चूक आपल्यातले जाणतेही करतात.

सुरुवातीला हॅचरीतले दोन क्लाउनफिश पुरे.

प्रवाळाचं मात्र नीट ऐका. जाळ्यात आलं तर तिथेच परत सोडा, कोणी पैसे देतो म्हटला तरी. दगडी प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. दुकानदार विकतो म्हणून ते कायदेशीर होत नाही. पोरांच्या हौसेपायी होडीवाला अडकायचा.

त्या मुलाने यंदा पुन्हा टाकी भरलीय. अजून रिकामीच आहे. रोज सकाळी पाणी तपासतो, वहीत आकडे लिहितो.