काळ्या रानातली जीप

भालकी, औराद, कमलनगर या पट्ट्यात कुणी नवी गाडी दारात आणली की बघायला आलेली मंडळी रंग बघतात, सीटवर बसून घेतात, आणि मग मुद्द्याचं विचारतात: "पावसात रानापर्यंत जाती का?" अॅव्हरेजची चौकशी नंतर होते. कर्नाटकातल्या बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या या सीमाभागात घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि जुन्या माणसांच्या तोंडी दखनी चालते. रान मात्र बहुतेक ठिकाणी एकाच जातीचं. बिदर शहर जांभ्या दगडाच्या लाल पठारावर वसलेलं आहे. ते पठार सोडून मांजरेच्या खोऱ्यात उतरलं की काळी जमीन सुरू होते आणि आळंद ओलांडून कलबुर्गीच्या तुरीच्या मुलखापर्यंत पोचते.

ही माती उन्हाळ्यात भेगाळते, हात आत जाईल इतकी. मृगाचे दोन दणके बसले की तीच फुगते, भेगा मिटतात आणि वरचा थर असा चिकट होतो की चप्पल पायात राहत नाही. तिच्या बारीक कणांत पाणी धरून ठेवायची जी ताकद आहे, तिच्या जोरावरच पाऊस सरल्यावरही तूर आणि हरभरा तग धरतात. पण जे पिकाला वरदान ते चाकाला संकट. डांबरी रस्ता गावापर्यंत आला असला तरी गावापासून रानापर्यंतची गाडीवाट अजून मातीची आहे, आणि पावसाळ्यातले काही आठवडे गावचं सगळं अर्थकारण त्या दोन-तीन किलोमीटरवर अडून बसतं. दणकट गाडीची हौस इथं त्या वाटेतून आलेली आहे. इथं डोंगर नाहीत, वाळवंट नाही, बर्फ तर नाहीच.

जीप जन्माला आली ती युद्धासाठी. जुलै १९४०मध्ये अमेरिकी सैन्याने कारखानदारांकडे हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी मागितली आणि नमुना हजर करायला ४९ दिवसांची मुदत दिली. बँटम या लहानशा कंपनीने ती पाळली. पुढे विलीस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९४५ला महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम महंमद यांनी 'महिंद्र अँड महंमद' ही कंपनी काढली. हे गुलाम महंमद निजामाच्या हैदराबाद संस्थानात अर्थखात्याचं काम पाहून आलेले होते, म्हणजे बिदर-गुलबर्ग्याच्या (आजच्या कलबुर्गीच्या) महसुलाचे आकडे त्यांच्या नजरेखालून गेले असणार. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. तोवर विलीसचे सुटे भाग आणून मुंबईत जीप जोडायला सुरुवात झालेली होती.

त्याच १९४८च्या १३ सप्टेंबरला सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजा नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर, जहिराबाद अशा मार्गाने हैदराबादेकडे गेल्या. आज हाच पुणे-हैदराबाद महामार्ग आहे. या भागातल्या अनेक म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ही कारवाई, म्हणजे 'पोलीस अॅक्शन', आणि जीप एकदमच येतात. पुढे जीप म्हणजे सरकार हे समीकरण पक्कं झालं. तहसीलदार, फौजदार, बीडीओ, दुष्काळी कामांची पाहणी, कुटुंबनियोजनाचा प्रचार, निवडणूक: गावच्या वेशीत धूळ उठली की कोण आलं असेल याचे अंदाज सुरू व्हायचे. आज महिंद्राच्या नव्या थारकडे तरुण पोरं ज्या नजरेनं बघतात, त्यात त्या जुन्या दराऱ्याचा वाटा आहे असं मला ठामपणे वाटतं. उंच बॉनेट, उभी काच, सात फटींच्या जाळीची आठवण करून देणारा तोंडवळा. गाडी रस्त्यात उभी असली तरी अधिकार गाजवते.

सरकारच्या हातातली जीप सामान्य माणसाच्या हाती आली ती डिझेलमुळे. महिंद्राने १९७९मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. शिवाय ट्रॅक्टरच्या इंजिनाशी जवळचं नातं असलेली डीआय इंजिनंही जीपमध्ये आली. मग कमांडर आली. लांब चेसिस, मागं समोरासमोर दोन बाकडी, वर ताडपत्री. या भागाचं खरं वाहन म्हणून मी कमांडरचं नाव आधी घेईन, आणि तिच्या शेजारी पुण्याच्या फोर्सची क्रूझर. गाणगापूरची पौर्णिमा, हुमनाबादजवळच्या माणिकनगरची जत्रा, खानापूरच्या मैलार मल्लण्णाची यात्रा, उदगीरला दिलेल्या पोरीचं बाळंतपण, बिदरचा दवाखाना, सोयाबीन काढणीच्या बाया: माणसं आत मावेनाशी झाली की मागच्या फूटबोर्डावर उभी राहायची. कायद्यानं ते चूक होतं, जिवाला धोका होता आणि अपघातही झाले. तरी जिथं दिवसातून एक बस येत होती तिथं गरोदर बाई याच गाड्यांनी वेळेत पोचली, हेही तितकंच खरं.

या गाड्यांपैकी बहुतेकांना फोर बाय फोर नव्हतंच. ताकद फक्त मागच्या चाकांना. तरी त्या रानात जायच्या, कारण अंगानं सडपातळ होत्या, तळ उंच होता, खाली पाटे होते, आणि चालवणाऱ्याला वाट पाठ होती. बिघडली तर नाक्यावरचा मिस्त्री चार पान्यांवर ती उघडायचा. पाट्याचा एखादा पत्ता तुटला तर लोहाराकडून काम भागायचं, जॉइंट क्रॉस खडखडायला लागला की कान लावून कळायचं. दणकटपणा म्हणजे न मोडणं, असं जाहिराती सांगतात. या भागाच्या अनुभवात दणकटपणा म्हणजे मोडल्यावर त्याच दिवशी पुन्हा चालू होणं.

आता थारकडे येऊ. ती पहिल्यांदा २०१०मध्ये आली. पण घराघरांत तिचं नाव पोचलं ते २०२०च्या नव्या बांधणीमुळे. बनते नाशिकला. तळाची उंची २२६ मिलिमीटर, साडेसहाशे मिलिमीटरपर्यंत पाण्यातून जाण्याचा कंपनीचा दावा, २.२ लिटरच्या डिझेल इंजिनाला १३० अश्वशक्ती. ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत २०२०मध्ये तिला चार तारे मिळाले. जुन्या जीपमध्ये आदळआपट झाली की छातीला स्टिअरिंगच लागायचं. तिथून इथवरचा प्रवास मोठाच म्हटला पाहिजे.

गिअरच्या शेजारी जो आखूड दुसरा दांडा असतो, तो या गाडीचा खरा कणा. नेहमी 'टू-एच'मध्ये, म्हणजे ताकद मागच्या चाकांना. 'फोर-एच'मध्ये टाकला की पुढची चाकंही ओढू लागतात. गाडी थांबवून 'फोर-एल'मध्ये टाकला की चाकं जवळपास अडीचपट सावकाश फिरतात आणि तितकीच जास्त ओढ लावतात. कोरड्या डांबरावर मात्र हा दांडा हलवायचा नसतो. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. दोन्ही एकत्र जखडलेली असली की तो ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. खूप मालकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. दुसरी गोष्ट डिफरन्शियलची. एका बाजूचं चाक चिखलात मोकळं फिरू लागलं की सगळी ताकद त्याच चाकाकडे पळते आणि पकड असलेलं चाक गप्प उभं राहतं. त्यासाठी लॉक लागतं. थारमध्ये ब्रेकच्या मदतीनं आणि काही मॉडेलांत मागच्या हौसिंगमधल्या यांत्रिक लॉकनं हे काम होतं. फोर्सच्या गुरख्यात पुढं-मागं दोन्हीकडे चालकाच्या हातात लॉक आहे, आणि निव्वळ रानासाठी मी तिला उजवी मानतो.

एवढं सगळं असूनही काळी माती काय करते ते भालकीच्या उत्तरेला, मांजरेकाठच्या एका शिवारात पाहिलं. ऑगस्टचे दिवस, आदल्या रात्री पाऊस. मित्राची फोर बाय फोर थार, टायर कंपनीचेच. वाटेवरून पन्नास-साठ पावलं गाडी झोकात गेली. मग टायरच्या नक्षीतल्या खाचा मातीनं भरल्या आणि चारही टायर गुळगुळीत झाले. ताकद चारही चाकांना जात होती, चारही चाकं जागच्या जागी फिरत होती. दर फेऱ्याला मातीचा एक थर टायरवर चढत होता, तो मडगार्डच्या आत घासायला लागला आणि शेवटी चाकंच अडकली. पावणेदोन टनांच्या आसपासचं वजन सावकाश खाली बसलं. मित्राचे वडील बांधावरून आले, आधी गाडीकडे नाही, चाकाखालच्या सरीकडे बघितलं. "वाफसा यायच्या आत रानात चाक घालू नये बाबा. बैलगाडीचंबी नाही अन् हिचंबी नाही." मग खुरपं घेऊन मडगार्डमधली माती त्यांनी स्वतः खरवडून काढली, ती ढेकळांनी निघत नव्हती, पोळीच्या कणकेसारखी ताणून निघत होती. गाडी शेवटी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं ओढली. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचे उंच, तिरके दात फिरताना माती फेकून देतात. मड टायर त्याच तत्त्वावर असतात. ते थारला लावले तर फरक पडतो, पण डांबरावर ते घरघर करतात, लवकर झिजतात आणि डिझेल जास्त पितात.

त्या म्हाताऱ्या माणसाची काळजी गाडीपेक्षा जमिनीची होती, आणि ती रास्त आहे. ओल्या काळ्या मातीवरून जड चाक गेलं की खालचा थर दाबला जातो, त्या पट्ट्यात पुढं मुळं नीट उतरत नाहीत, पाणी तुंबतं. हेच माळरानांचं. बिदरच्या माळांवर काळविटं आहेत, जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत. सुटीच्या दिवशी गवतातून गाड्या घुमवून व्हिडिओ काढायची जी लाट आली आहे ती मला मुळीच मान्य नाही. ज्याला पडीक म्हणतात ती जागा कुणाची तरी चराई असते, कुणाचं तरी घरटं असतं.

खर्चाचं गणित वेगळंच आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आत लांबी आणि दीड लिटरच्या आत डिझेल इंजिन असेल तर १८ टक्के. थारचं २.२ लिटरचं फोर बाय फोर घेतलं तर ४० टक्के. वर कर्नाटकात दहा ते वीस लाखांच्या गाडीला १७ टक्के आजीवन रस्ता कर, त्यावर उपकर. देशातल्या सगळ्यात चढ्या दरांपैकी हे दर आहेत. म्हणून सीमेवरच्या पुष्कळ घरांत गाडी उदगीर किंवा सोलापूरच्या नातेवाइकाच्या नावावर घ्यायचा विचार होतो आणि कर्नाटकाच्या केए पाटीऐवजी महाराष्ट्राच्या एमएच पाटीची गाडी दारात उभी राहते. पण बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथं नव्यानं नोंदणी करावी लागते, हा मोटार वाहन कायदाच आहे.

या करांचा परिणाम उघड आहे. ज्याला खरोखर रानात जायचंय त्या शेतकऱ्याला फोर बाय फोर परवडत नाही, आणि ज्याला परवडतं तो बहुधा बिदर-हैदराबाद रस्त्यावर ती पळवतो. शेतीच्या कामाला लागणारं यंत्र म्हणून ट्रॅक्टरकडे बघितलं जातं. चिखलातून दूध, खत आणि आजारी माणूस नेणाऱ्या चारचाकीकडे अजून चैन म्हणूनच बघितलं जातं. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

घरच्यांचं म्हणणंही ऐकायला हवं. तीन दारांच्या थारमध्ये मागं बसायचं तर पुढची सीट वाकवून चढावं लागतं. नऊवारीतल्या आजीला ते जमत नाही, गुडघे दुखणाऱ्याला तर नाहीच. महामार्गावर वाऱ्याचा आवाज कानाशी राहतो. २०२४ला आलेल्या पाच दारांच्या रॉक्सने यातल्या बऱ्याच तक्रारी मिटवल्या. किंमत अर्थातच वाढली. शिवाय १ एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून लांब पल्ल्यावर सलग पळावी लागते. गाव ते रान, रान ते डेअरी एवढ्याच फेऱ्या करणाऱ्याच्या गाडीत ती तुंबते, डॅशबोर्डावर दिवा लागतो, आणि नाक्यावरच्या मिस्त्रीच्या पान्याला तिथं वाव नाही. लॅपटॉप लावणारा माणूस जिल्ह्याच्या गावी बसतो.

पुराच्या बाबतीत तर साडेसहाशे मिलिमीटरचा आकडा विसरूनच जावा. तो थांबलेल्या पाण्याचा आहे. मांजरा किंवा कारंजाच्या कमी उंचीच्या पुलावरून वाहणाऱ्या पाण्याचा रेटा गाडी बाजूला ढकलतो, आणि खाली पूल शाबूत आहे की नाही ते वरून दिसत नाही.

गरजही आता पूर्वीसारखी उरलेली नाही. पंतप्रधान ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २०००ला सुरू झाली आणि गावोगावचे रस्ते हळूहळू डांबरी झाले. ऑक्टोबर २०१७मध्ये बिदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली. २००० सालीच आलेली बोलेरो या बदलात बरोबर बसली: मागच्या चाकांची ओढ, आता दीड लिटरचं इंजिन, चार मीटरच्या आत अंग, सात माणसं. भालकी, हुलसूर, बसवकल्याण भागातल्या शेतकरी कुटुंबानं मला विचारलं तर मी आजही आधी बोलेरोच सुचवतो. ज्याचं रान नदीकाठी आहे, ज्याच्या घरी दुधाचा धंदा आहे, ज्याला पावसातही रोज जावंच लागतं, त्यानं मात्र कर्जाचा हप्ता झेपत असेल तर फोर बाय फोर बेलाशक घ्यावं, सोबत मड टायरचा एक संच आणि ओढायला दोर ठेवावा.

आणि घेतलं तर तो आखूड दांडा वापरात ठेवावा. वर्षातले बरेच महिने इथं त्याची गरज पडत नाही, त्यामुळे पुढच्या बाजूचे गिअर आणि शाफ्ट कोरडे पडतात आणि ऐन जुलैत दांडा जागचा हलत नाही. महिन्यातून एकदा मुरमाड किंवा मातीच्या वाटेवर फोर-एचमध्ये टाकून थोडं अंतर सरळ चालवलं की आतलं तेल सगळीकडे फिरतं.