शेवटचा हप्ता आणि पहिली शिल्लक

कर्ज फिटल्याचा आनंद लग्नकार्याच्या आनंदासारखा चारचौघांत मिरवता येत नाही. म्हणूनच त्याची थोरवी समाजाच्या ध्यानी येत नाही. क्रेडिट कार्डाची सारी बाकी भागवून ज्याने हिशेबाच्या कागदावर शून्य पाहिले, त्यासच त्या शून्याचे मोल ठाऊक असते. महिनाअखेरीस येणारे पत्र तो धास्तीवाचून उघडतो, आणि पुढील पगार हाती पडतो तेव्हा तो सबंध आपला आहे असे त्यास प्रथमच वाटते. हे समाधान आमच्या मते केवळ खाजगी नव्हे. ज्याची उद्याची मिळकत आजच गहाण पडली, त्यास स्वतंत्र नागरिक कसे म्हणावे?

आमचे वाचक बहुतेक व्यापारी व नोकरदार आहेत; त्यांस हिशेब शिकवण्याचे धारिष्ट आम्ही करीत नाही, पण एक उदाहरण मांडतो. कार्डावर ५०,००० रुपयांची बाकी राहिली आहे, व्याज दरमहा शेकडा साडेतीन, म्हणजे वर्षास शेकडा ४२ आहे आणि नवी खरेदी बंद आहे, असे धरू. महिन्याचे व्याज १,७५० रुपये झाले. त्यावर शेकडा १८ प्रमाणे वस्तू व सेवा कर ३१५ रुपये. बाकीच्या शेकडा ५ इतकी ‘किमान रक्कम’, म्हणजे २,५०० रुपये, ऋणकोने भरली, तर त्यांतील २,०६५ रुपये व्याजात व करात गेले आणि मुद्दलातून फिटले अवघे ४३५! दरमहा तेवढेच २,५०० रुपये नेमाने भरीत गेल्यास कर्ज फिटण्यास ४४ महिने लागतात व एकंदर सुमारे १ लाख ८ हजार रुपये द्यावे लागतात. तोच गृहस्थ दरमहा ५,००० रुपये भरील, तर १४ महिन्यांत मोकळा होतो, आणि एकूण भरणा ६६ हजारांच्या आत राहतो. हप्ता दुप्पट केल्याने ४२ हजार रुपये वाचतात, ही गोष्ट किती घरांत ठाऊक आहे?

महाराष्ट्रास हा प्रश्न नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली, कर्जरोखे व वह्या हिसकावून जाळल्या, आणि ते लोण आसपासच्या गावांत पसरले. रोखा जाळल्याने कर्ज फिटत नाही हे खरे. पण आपण कशावर अंगठा उठवला हे ज्यास कळत नाही, त्याचा संताप शेवटी कागदावरच निघतो. पुढे १८७९ सालच्या दख्खन शेतकरी साह्य कायद्याने रोख्यामागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांस दिला, आणि शेतकरी ऋणकोस पावती व वार्षिक हिशेब मागण्याचा हक्क दिला. त्याही पूर्वीपासून दामदुपटीचा दंडक होताच: कोणत्याही एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येऊ नये. वरील उदाहरणात व्याज व कर मिळून मुद्दलाच्याही पुढे जातात. मात्र ते हप्त्याहप्त्याने जात असल्यामुळे कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत.

आजचा कायदा या बाबतीत ऋणकोच्या पाठीशी फारसा नाही. बँकिंग नियमन कायद्यात १९८४ साली घातलेल्या कलम २१-अ प्रमाणे, व्याजाचा दर फार आहे एवढ्याच कारणावरून बँकेचा हिशेब न्यायालयास पुन्हा उघडता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डावर वर्षास शेकडा ३० हून अधिक व्याज घेणे अनुचित ठरवले होते. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. तेव्हा कोणी तारील या आशेवर न बसता ऋणकोने स्वतःच कंबर कसली पाहिजे.

कोणी म्हणतील, कार्ड घेण्याची बळजबरी कोणी केली? कोणीही नाही, आणि कार्डास आम्ही दोषही देत नाही. मुदतीत सारी बाकी भरणाऱ्यास खरेदीवर एक पैही व्याज पडत नाही. पण बाकी मागे ठेवली की ही सवलत जाते व नव्या खरेदीवरही व्याज चढू लागते. व्यापाऱ्याने काढलेले कर्ज निदान मालाच्या रूपाने वखारीत दिसते. चैनीसाठी काढलेले कर्ज वस्तू जुनी झाली तरी ताजेच राहते.

उपाय साधे आहेत. बाकी फिटेपर्यंत कार्ड पेटीत ठेवावे. अडीअडचणीपुरती थोडी रक्कम हाताशी ठेवून, शेकडा सहा-सात व्याजाची ठेव शेकडा ४२ च्या कर्जात भरावी. एका हाताने सहा घेऊन दुसऱ्या हाताने बेचाळीस देणे यास काटकसर म्हणत नाहीत. आणि मुख्य म्हणजे, कर्ज घरातील स्त्रियांपासून लपवण्याची खोटी प्रतिष्ठा सोडावी. जिच्या हाती संसाराचा खर्च, तिलाच देणे ठाऊक नसेल तर काटकसर करावी कोणी?

शेवटचा हप्ता गेला त्याच्या पुढल्याच महिन्यात तेच ५,००० रुपये बँकेच्या अथवा पोस्टाच्या आवर्ती ठेवीत घालावेत. तेवढ्यावर संसार चालवण्याची सवय चौदा महिन्यांत झालेलीच असते. वर्षअखेर ६०,००० रुपये मुद्दल गाठीशी पडते, आणि दुखणे वा बेकारी आली तरी कार्डाकडे धाव घ्यावी लागत नाही.

सरकार व रिझर्व्ह बँक यांच्याकडे आमची एकच मागणी आहे. केवळ किमान रक्कम भरल्यास परतफेड लांबते, असा सर्वसाधारण इशारा छापण्याचा नियम आहे, तो स्तुत्य होय. परंतु अमेरिकेत २००९ सालच्या कायद्याने ऋणकोच्या स्वतःच्या बाकीवर किती काळ व एकूण किती रक्कम लागेल, हे हिशेबपत्रावरच सांगणे बंधनकारक केले. तसे आकडे आपल्याकडे प्रत्येक हिशेबपत्राच्या शिरोभागी, ऋणकोच्या मातृभाषेत, ठळक छापले जावेत. सुप्याच्या शेतकऱ्यास आपला रोखा वाचता येत नव्हता. आजच्या सुशिक्षितास वाचता येत असूनही आकडा दिसू नये, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते.