गावातून देशभर गेलेली बाळसेवा

नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत गडचिरोली जिल्ह्यात अनेकांच्या सहकार्यातून घडली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. माता, सुईण, आरोग्यदूत आणि डॉक्टर यांची साखळी जुळली. आरोग्यदूत घरी जाऊन बाळाचे वजन करी, मिनिटभर श्वास मोजी. ते ६० किंवा अधिक भरले की धोका ओळखी. जंतुसंसर्ग दिसल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देई. या उपक्रमाच्या तिसऱ्या वर्षी, ही सेवा नसलेल्या तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. हा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत गृहभेटींची सेवा देशभर नेली. गावाचा विश्वास, संशोधनाचा पुरावा आणि शासनाची यंत्रणा एकत्र आल्यामुळेच हे शक्य झाले.